मेगावॅट मोजले, तास राहिले

विजेच्या नियोजनाचा कुठलाही सरकारी अहवाल उघडला की शेवटी एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे साल, उजवीकडे मेगावॅट. आकडे फक्त चढत जातात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या १८व्या विद्युत सर्वेक्षणात २०१६-१७ साली देशाची कमाल मागणी १ लाख ९९ हजार ५४० मेगावॅट होईल असे धरले होते. ते साल आले तेव्हा मागणी १ लाख ६० हजारांच्याही किंचित खालीच राहिली. महाराष्ट्राची आजची कमाल मागणी ३० हजार मेगावॅटच्या आसपास आहे. म्हणजे कागदावरची चूक अख्ख्या महाराष्ट्राला पुरून वर उरेल एवढी होती.

अंदाज चुकतातच, त्याबद्दल कोणाला फासावर देण्याचे कारण नाही. पण तो चुकला तर भुर्दंड कोणी भरायचा, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो रकाना पुढे कधीतरी ग्राहकाच्या बिलात उघडतो, आणि तिथे त्याला ‘चुकलेला अंदाज’ असे कोणी म्हणत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या ओळींत तो वाटून टाकलेला असतो. महाराष्ट्राच्या वीज नियोजनाचा शंभरेक वर्षांचा प्रवास तपासताना हाच धागा धरून चालावे असे मला वाटते. किती मेगावॅट उभे राहिले याचे गोडवे बरेच गायले गेले आहेत.

सुरुवात सोपी होती. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, मागून भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. गिऱ्हाईक ठरलेले होते, मुंबईच्या कापड गिरण्या. पाणी ठरलेले होते, सह्याद्रीच्या माथ्यावरचे. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि पश्चिमेला कोकणात सोडून त्यावर जनित्रे फिरवायची. अंदाज चुकायला फारशी जागाच नव्हती. पण या हिशेबाबाहेर राहिलेले लोक होते मुळशीचे. १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह हा वीज नियोजनावर या भागात घेतला गेलेला पहिला मोठा आक्षेप म्हणायला हवा. वीज घाटाखाली आणि बुडीत जमीन घाटावर, ही विभागणी तेव्हापासूनची. भीमा खोऱ्यात दुष्काळ पडला की टाटांच्या धरणांचे पाणी पूर्वेला सोडा ही मागणी अजूनही उठते.

कोयनेने हेच सूत्र सरकारी पैशाने आणि कितीतरी मोठ्या मापावर राबवले. १९६२ पासून टप्प्याटप्प्याने उभा राहत गेलेला हा प्रकल्प आज १,९६० मेगावॅटचा आहे. मात्र कोयना हे दोन मोठ्या अटी घेऊन जगणारे यंत्र आहे. एक भूगर्भाची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने वीज थांबली तेव्हा एकाच ठिकाणावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न मुंबईच्या कारखानदारांना आयुष्यात पहिल्यांदा पडला. दुसरी अट कृष्णा पाणीवाटप लवादाची. पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, त्यावर नाही. १ जून ते ३१ मे असे पाण्याचे ‘तांत्रिक वर्ष’ धरून हा कोटा पुरवून पुरवून वापरावा लागतो. म्हणून कोयनेचे मोल मेगावॅटमध्ये सांगताच येत नाही. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात संध्याकाळी सात वाजता मागणी उसळी मारते, तेव्हा कोळशाचा संच तेवढ्या झपाट्याने वर येत नाही, कोयना मिनिटांत येते. हे कसब तिथल्या अभियंत्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. नियोजनाच्या तक्त्यात मात्र कोयनेचा एक मेगावॅट आणि चंद्रपूरचा एक मेगावॅट शेजारी शेजारी लिहून बेरीज केली जाते.

१९६० साली वीज मंडळ स्थापन झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंडळाने कोळशावर जोर दिला. कोळसा विदर्भात, म्हणून कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. मागणी मुंबई-पुणे-नाशिकला. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंतची सुमारे साडेसातशे किलोमीटरची एकदिश उच्चदाब वाहिनी हा या भूगोलाचा सरळ नकाशाच आहे. राख आणि धूर पूर्वेला, दिवे पश्चिमेला. वैदर्भीय नेत्यांच्या भाषणात हा मुद्दा पन्नास वर्षे येतो आहे, आणि तो खरा आहे.

याच काळात शेतीपंपांचे प्रकरण सुरू झाले. त्याचा गुंता आजच्या नियोजनालाही पुरून उरला आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पाच एचपीची मोटर आहे ना, मग एवढे पैसे, ती कितीही चालवा. १९८४ च्या दांडेकर समितीने विभागीय अनुशेष मोजला. त्यात विजेचाही अनुशेष होता, आणि तो पंपांच्या जोडण्यांच्या भाषेत बोलला जाऊ लागला. साहजिकच पुढची वर्षे जोडण्यांचा आकडा गाठण्यात गेली. जोडणी दिल्यावर तिथे वीज किती आणि कधी जाते, याची नोंद ठेवणारा मीटर लाखो ठिकाणी एकतर नव्हता, असला तर बंद होता किंवा कोणी वाचत नव्हते. परिणाम असा की राज्यात शेती किती वीज वापरते हे नेमके कोणालाच सांगता येत नाही. वीज वितरण कंपनीचा आकडा आणि ग्राहक संघटनांचा आकडा यांत मोठे अंतर आहे. इचलकरंजीचे वीजग्राहक कार्यकर्ते प्रताप होगाडे गेली कित्येक वर्षे एकच सांगत आले आहेत की चोरी आणि गळती शेतीच्या खात्यावर दाखवली जाते. राज्याच्या वीज नियामक आयोगालाही शेतीवापराचा स्वतंत्र अभ्यास करवून घ्यावा लागला आणि कंपनीचा आकडा कमी करावा लागला. ज्या खात्यावर राज्याच्या विक्रीतली सुमारे ३० टक्के वीज दाखवली जाते, तेच खाते अंदाजाने लिहिलेले असेल, तर त्यावर उभा केलेला पुढच्या दहा वर्षांचा अंदाज कितीही देखण्या संगणकीय प्रारूपातून काढला तरी पाया भुसभुशीतच राहतो.

आता एनरॉन. या प्रकरणाचे राजकारण एवढे गाजले की त्यातले नियोजनाचे कलम बाजूलाच पडले. जून १९९२ मध्ये एनरॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. मधल्या काळात जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. कारण वाचण्यासारखे होते. प्रकल्प फार मोठा आहे, महाग इंधनावरचा आहे, आणि एवढी वीज दिवसरात्र सलग लागेल अशी महाराष्ट्राची मागणी नाही. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या मंडळींनी साधारण याच दिशेने आकडेमोड करून ती जाहीरपणे मांडली होती. म्हणजे आधी कोणाला कळले नव्हते असे मुळीच नाही. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला. काही महिन्यांत वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परतला, आणि दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॅटचा होऊन परतला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला.

कराराची मेख अशी. वीज घ्या अथवा न घ्या, प्रकल्प तयार उभा आहे म्हणून त्याचा स्थिर खर्च द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. घरच्या लग्नाला हजार पाने उठतील म्हणून आचाऱ्याला बांधून घ्यावे, प्रत्यक्षात चारशे पाने उठावीत आणि पैसे मात्र हजारांचे मोजावेत, तसे झाले. मंडळाने दाभोळची वीज कमी उचलली, स्थिर खर्च थोड्या युनिटांवर विभागला गेला, आणि एका टप्प्यावर युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली. त्याआधी महिनाभर माधव गोडबोले समितीने आपल्या अहवालात निर्णयप्रक्रियेची सालटी काढली होती. डिसेंबरमध्ये खुद्द एनरॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ साली रत्नागिरी गॅस नावाने प्रकल्पाला पुन्हा जीव देण्यात आला, एनटीपीसी आणि गेल त्यात उतरल्या. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि संच पुन्हा थंडावले. एकाच प्रकल्पात मागणीचा अंदाज, इंधनाचा अंदाज आणि चलनाचा अंदाज असे तिन्ही फसल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

एनरॉनचा हिशेब सहसा इथे संपवला जातो. मला त्याचा दुसरा हप्ता अधिक महाग वाटतो. दुधाने तोंड पोळलेल्या सरकारने नंतर ताकही फुंकून प्यायचे ठरवले. किंबहुना प्यायचेच नाही असे ठरवले. २००१ नंतर अनेक वर्षे राज्याचा स्वतःचा एकही मोठा नवा औष्णिक संच आला नाही. परळी आणि पारसचे नवे संच सुरू व्हायला २००७ उजाडले. दरम्यान मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधार कंपनी. मागणी मात्र कंपन्यांच्या पाट्या बदलेपर्यंत थांबणारी नव्हती. कमाल मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅट कमी पडू लागले. ग्रामीण महाराष्ट्रात बारा बारा तास ‘लाईट गेली’ हेच वाक्य. एका पिढीचे दहावी-बारावीचे अभ्यास कंदिलावर आणि इन्व्हर्टरवर झाले. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नव्हता त्यांचे नुसत्या कंदिलावर.

त्या अंधारयुगात दोन प्रयोग झाले, त्यांची आठवण ठेवायला हवी. जून २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी आपली डिझेल जनित्रे ऐन गरजेच्या वेळी चालवायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोड्या अधिभारातून द्यायचा आणि त्या बदल्यात शहर भारनियमनमुक्त ठेवायचे, असा करार झाला. दुसरा प्रयोग गावांचा. ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावकऱ्यांनी एकमताने ठरवायचे की संध्याकाळी कोणी मोटर, चक्की चालवणार नाही. महावितरणने त्या गावच्या घरांचे दिवे चालू ठेवायचे. एकाही योजनेत नवा मेगावॅट नव्हता. कोणी, किती वाजता, काय वापरायचे एवढेच होते. पुण्याचा प्रयोग ऐपत असलेल्यांचा, गावांचा प्रयोग एकीचा. तुटीचा काळ सरला तसे दोन्ही विस्मरणात गेले. नियोजनाच्या मुख्य प्रवाहात त्यांना कोणी जागा दिली नाही.

तुटीच्या भीतीपोटी २००६ ते २०१२ या काळात खाजगी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार धडाधड झाले. तिरोड्याचा अदानींचा ३,३०० मेगावॅटचा प्रकल्प, अमरावती, वरोरा. महानिर्मितीनेही कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच उभारले. हे सगळे येऊन पोहोचले तोवर मागणीची वाढ मंदावली होती, मोठे उद्योग मुक्त प्रवेशाने बाहेरून वीज घेऊ लागले होते, सौर विजेचे भाव कोसळत होते. दाभोळच्या वेळी एका प्रकल्पापुरते जे घडले, ते आता विखरून घडले. संच थांबवून ठेवायचे आणि त्यांचे हजारो कोटींचे स्थिर खर्च दरात घालायचे. २०१६ च्या आसपासच्या दरनिश्चितीत अतिरिक्त विजेचे काय करायचे हाच मोठा विषय होता. भारनियमनमुक्तीच्या घोषणेवर टाळ्या वाजवणाऱ्यांना हा विषय ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तिरोड्याचाच एक तपशील बघा. या प्रकल्पासाठी ताडोबालगतचा लोहारा कोळसापट्टा धरला होता. वाघांच्या अधिवासामुळे तो नाकारला गेला, आणि योग्यच झाले. पण मग कोळसा दुसरीकडून आणण्याच्या जादा खर्चाची भरपाई मागितली गेली, वर्षानुवर्षे खटले चालले आणि अखेर ती रक्कम महावितरणकडे, म्हणजे ग्राहकांकडे आली. कोळसापट्टा व्याघ्रप्रकल्पाला लागून आहे हे करार करताना नकाशावर दिसत नव्हते का? दिसत होते. पण ती जोखीम कोणाची, हा प्रश्न तेव्हा टाळला गेला.

महाराष्ट्राच्या विजेतला सगळ्यांत दुर्लक्षित घटक माझ्या मते पाऊस आहे. तो तीन बाजूंनी मारतो. पाऊस ताणला की पंप जास्त चालतात आणि मागणी वाढते. राज्याची मागणी फक्त मे महिन्यात चढते हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबरचे ऊन आणि रब्बीचे पाणी एकत्र आले की ती तितकीच चढते. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा ऐन पावसाळ्यात पंप सुरू झाले होते. पाऊस ताणला की कोयनेचे पाणीही कमी, म्हणजे संध्याकाळचा आधार गेला. आणि तिसरे, औष्णिक केंद्रांनाही पाणी लागते. २०१३ साली मराठवाड्याच्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. मागणी वाढण्याच्या आणि पुरवठा आटण्याच्या या तिन्ही घटना एकाच कारणाने एकाच वेळी घडतात. म्हणून सरासरी वर्षाचे नियोजन इथे कामाचे नाही. दुष्काळी वर्षाचा वेगळा तक्ता दर आराखड्यात असला पाहिजे. हवामान बदलाची प्रकरणे अहवालांत आता असतात, छान रंगीत असतात. पण परळीचे पाणी त्यांत शोधावे लागते.

आता शेतीपंपांकडे परत जायला हवे, कारण नियोजनात खरी कलाटणी तिथून येते आहे. शेतीला वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी का? तर रात्री कारखाने आणि कार्यालये शांत, कोळशाचे संच चालूच, मग ती वीज खपवायला शेतकऱ्याइतका सोयीचा ग्राहक नाही. जुन्नर-निफाडकडे बिबट्या, विदर्भात वाघ, सगळीकडे साप, हिवाळ्यात कडाका. अशात शेतकरी बॅटरी घेऊन बारे द्यायला जातो. किंवा जात नाही, मोटरला ऑटो स्विच लावून घरी झोपतो. थ्री फेज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी धडधडायला लागतात. व्होल्टेज खाली बसते, मोटरी जास्त करंट ओढतात, फ्यूज उडतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग वर्गणी, कार्यालयाच्या चकरा, आठ-पंधरा दिवस उभे पीक तहानलेले. महावितरण दरवर्षी ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असे आवाहन करते. ते बरोबरच आहे, पण रात्री दोन वाजता वीज देणाऱ्याने माणूस मोटरीपाशी जागा असेल हे गृहीत धरणे जरा जास्तच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जून २०१७ मध्ये आली. राळेगणसिद्धीपासून तिचा गाजावाजा झाला, मग ती रेंगाळली, आणि २०२३ मध्ये २.० होऊन नव्या जोमाने आली. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फिडर दिवसा त्यावर चालवायचा. पडीक जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, ग्रामपंचायतीला तीन वर्षे अनुदान. युनिटला साधारण तीन रुपये भाव पडतो, आणि तो पंचवीस वर्षे तसाच राहतो. लक्ष्य ७ हजार मेगावॅटवरून वाढत १६ हजारांवर गेले. मला यातले मेगावॅट महत्त्वाचे वाटत नाहीत. राज्याच्या एका मोठ्या भाराची वेळ जाणूनबुजून बदलायची आणि ती उन्हाशी जुळवायची, हे सरकारने पहिल्यांदाच ठरवले, ते महत्त्वाचे. लांबचा कोळसा, लांबची वाहिनी, वाटेतली गळती या तिन्हींतून शेतीचा फिडर बाहेर पडतो. पंप दुपारी दोन तास थांबला तरी पीक वाळत नाही. सौर विजेच्या चंचल स्वभावाला हा ग्राहक चांगला मानवतो.

अडचणी आहेत. गायरानावर प्रकल्प आला की गुरे चारणाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि काही गावांनी त्यावर विरोध केला आहे. पॅनेलवरची धूळ, केबलची चोरी या रोजच्या गोष्टी आहेत. त्यात २०२४ च्या जुलैमध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना पाच वर्षे वीज मोफत झाली. २००४ साली निवडणुकीआधी अशीच मोफत वीज दिली गेली होती आणि निवडणूक झाल्यावर काढून घेतली गेली होती. आता वर्षाला १४ हजार ७६० कोटींचा भार सरकारने अंगावर घेतला आहे. पंपाला बिल येणार नसेल तर मीटर वाचायचा कोणी आणि कशाला? आणि भूजलाचे काय? स्वस्त, दिवसाची, फुकट वीज ही शेतकऱ्याची सुटका आहे आणि विहिरीची कसोटी आहे. ऊर्जा विभागाच्या आराखड्यात विहीर येत नाही, भूजल खात्याच्या आराखड्यात फिडर येत नाही. नावाने तो ऊर्जा विभाग असला तरी कामाने तो वीज विभागच आहे. गॅस, डिझेल, सरपण, इथेनॉल यांचे कर्तेधर्ते वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात.

दिवसाची वीज मुबलक झाली की गणित उलटे फिरते. उद्योगांना अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा सवलत होती, आणि भट्ट्या-यंत्रमाग रात्री चालवण्याची सवय त्या सवलतीनेच लावली. आता आयोगाच्या २०२५ च्या दररचनेत सवलत दिवसा नऊ ते पाच अशी सरकली आणि संध्याकाळ-रात्र महाग झाली. शास्त्र म्हणून बरोबर, पण पाळ्या लावलेल्या कारखानदाराला ते एका आदेशाने पचवता येत नाही. त्यावर वाद पेटला तो अपेक्षितच होता. खरी निकड आहे ती संध्याकाळी सहा ते अकराची. सूर्य मावळलेला, घरोघरी दिवे-पंखे-एसी, शिवाय ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, ज्यांचा भार चोवीस तास सारखाच असतो. या पाच तासांसाठी उत्तर म्हणून उदंचन प्रकल्पांचे करार ढिगाने झाले आहेत. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. चार युनिटे घालून साधारण तीन परत मिळतात, तरी संध्याकाळच्या भावात ते परवडते. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. टाटा भिवपुरी आणि शिरवट्याला मोठे प्रकल्प उभारू पाहत आहेत. शंभर वर्षांपूर्वी जिथून सुरुवात झाली, त्याच घाटमाथ्यावर. करार झाले म्हणून सगळे उभे राहतील असे मात्र धरू नये. सह्याद्रीत प्रत्येक धरणाला जंगल आणि गाव लागून आहे. मधल्या काळात बॅटऱ्यांचे भाव झपाट्याने उतरत आहेत. पंचवीस-तीस वर्षांसाठी डोंगर पोखरायच्या आधी दहा वर्षांत बॅटरी काय भावाने मिळेल, हा हिशेब मांडून दाखवायला हवा.

वाहिन्यांबद्दल थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई बंद पडली, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. वीज नव्हती असे नाही, ती शहरात आणणारी वाट अरुंद होती. खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही वाहिनी वर्षानुवर्षे कागदावर होती, ती २०२३ मध्ये आली. गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवरून २०२० मध्ये जो विरोध झाला, त्यानेही हेच दाखवले की वाहिनीची जागा आणि लोकांचे मत आराखड्यात शेवटी येते. वीजनिर्मितीचे भूमिपूजन होते, वाहिनीचे कोणी करत नाही.

जैतापूरचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. मूळ आराखड्यात प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९००. २०१० पासून करारांचे कागद हलत आहेत, २०११ मध्ये फुकुशिमा घडले, त्याच वर्षी साखरी नाटे इथे गोळीबारात एक मच्छीमार गेला. अजून एक वीटही रचलेली नाही. दर आराखड्यात मात्र जैतापूर असते, नेहमी पुढच्या दशकात.

नियोजनाच्या पद्धतीत एक चांगला बदल नुकताच झाला आहे, आणि त्याची बातमी कुठेतरी आतल्या पानावर आली असेल. केंद्राच्या नियमांनुसार आणि राज्य आयोगाच्या २०२४ च्या विनियमांनुसार वितरण कंपन्यांना आता पुढच्या दहा वर्षांचा ‘संसाधन पर्याप्तता’ आराखडा द्यावा लागतो. त्यात वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला मागणी किती आणि ती कशातून भागणार हे मांडायचे असते. महावितरणने २०३० पर्यंत निम्म्याहून अधिक वीज अपारंपरिक स्रोतांतून घेण्याचे ठरवले आहे. अपारंपरिक ऊर्जेची धोरणे आधीही झाली, २०१५ साली १४,४०० मेगावॅटचे, २०२० साली १७,३६० मेगावॅटचे. मेगावॅटची होती म्हणून ती घोषणाच राहिली. तासाचा हिशेब मागणारी पद्धत निराळी आहे, तिथे खोटे बोलणे अवघड जाते.

पण जुनी खोड गेलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ६,६०० मेगावॅटचा करार ठरला. ५ हजार सौर, कच्छच्या खावड्याहून, आणि १,६०० कोळशाची, युनिटला सरासरी ४ रुपये ८ पैसे. दोन वेगळ्या वस्तू एकाच निविदेत का बांधल्या यावर टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. भाव आज वाईट नाही. पण ही कोळशाची वीज पंचवीस वर्षांची आहे, म्हणजे तिची बिले २०५० च्या पुढेही येत राहतील. त्याच सुमारास भुसावळचा नवा ६६० मेगावॅटचा संच आला. कोराडीला आणखी दोन संचांचा प्रस्ताव आहे, त्याला नागपूरकरांचा विरोध आहे. दुसऱ्या टोकाला, कोणता जुना संच कधी थांबवायचा, त्यावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारांचे, राख वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे आणि परळी-दुर्गापूरसारख्या गावांच्या बाजाराचे काय, याचे पान कुठल्याही आराखड्यात नाही. परळीचे जुने संच थांबले तेव्हा ते कोणी ठरवून थांबवले नव्हते. पाणी संपले, खर्च परवडेना, म्हणून ते थांबले.

हे पर्याप्तता आराखडे सार्वजनिक सुनावणीला यायला हवेत. दरवाढीच्या याचिकेवर आज सुनावणी होते, हजारो पानांचे कागद समोर टाकले जातात, आक्षेपांना काही आठवड्यांची मुदत मिळते, आणि होगाडेंसारखे चार-दोन अभ्यासू लोक ते वाचतात. पण दराची सुनावणी म्हणजे झालेल्या खर्चाची वाटणी. दाभोळची वीज किती लागेल हे १९९३ सालीच जाहीरपणे विचारले जात होते, तरी ते विचारण्याचे अधिकृत ठिकाण तेव्हा नव्हते. आयोग १९९९ साली आला. आता ठिकाण आहे, तासागणिक हिशेबही आहे. करारावर सही होण्याआधी तो हिशेब मराठीत, वाचता येईल अशा पानसंख्येत, फिडर आणि तालुक्याच्या पातळीवर लोकांपुढे ठेवायचा, आणि मागणी अंदाजापेक्षा कमी भरली तर स्थिर खर्चातला किती वाटा कंपनी सोसेल, किती सरकार आणि किती ग्राहक, हे आकड्यांत लिहून द्यायचे, यासाठी नवा कायदा लागत नाही. आयोगाचा एक आदेश पुरतो.